दयाचा डेस्कटॉप, संघर्षचा लॅपटॉप आणि अप्पांची मुदत

दयाच्या डेस्कटॉपचं कॅबिनेट उघडलं की आत बोटभर धूळ असते. ती कुणी टाकलेली नसते. रोज झाडलोट होणाऱ्या घरात ती कुठून येते, हेही कुणाला सांगता येत नाही. आमच्या ग्रुपच्या किश्श्यांचं अगदी तसंच आहे. दर रविवारी दुपारी आम्ही चौघं गेम खेळायला बसतो, संध्याकाळी उठतो आणि "आज काही विशेष झालं नाही" म्हणत घरी जातो. मग कधीतरी कुणाच्या लग्नात, पंगत उठायची वाट बघत बसलेलो असताना, एकजण तोंड उघडतो. आणि बघतो तर बोटभर थर!

आधी ग्रुप सांगतो. दयानंद, म्हणजे दया. मूळ अणदूरचा, पण वडिलांच्या नोकरीपायी घर भूमला आलं ते इथलंच झालं. भूममध्ये त्याचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. त्याच्याकडं डेस्कटॉप. एकेक पार्ट मागवून स्वतःच्या हातानं जोडलेला. ग्राफिक कार्ड आलं त्या दिवशी यानं अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं होतं, आणि गिऱ्हाइकांना वाटलं घरात बारसं आहे.

दुसरा संघर्ष. ईट गावच्या शाळेत शिक्षक, राहायला भूमला भाड्याच्या एका खोलीत. याच्याकडं लॅपटॉप. तिसरा अस्लम, मोटार रिवाइंडिंगवाला. याच्याकडं जे आहे त्याला काय म्हणायचं, हा वेगळा किस्सा आहे, सांगतो. आणि चौथा मी. माझं मेडिकल स्टोअर आहे. माझ्याकडं लॅपटॉप नाही आणि डेस्कटॉपही नाही. ज्याचा हात दुखेल त्याच्या मशीनवर मी खेळतो. त्यामुळं मला सगळ्यांनी मिळून पंच नेमलंय.

भांडण एकच, आणि ते कधी संपलेलं नाही: गेम खेळायचा तर लॅपटॉपवर की डेस्कटॉपवर?

पण डेस्कटॉपला खरा धोका संघर्षकडून नव्हता. धोका ओसरीत, खाटेवर बसलेला असायचा. दयाचे वडील, अप्पा. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. डेस्कटॉप आला आणि खोलीतली अप्पांची खाट ओसरीत गेली, त्या दिवसापासून त्यांचं एकच म्हणणं: "ह्यो डबा इक. ल्यापटॉप घे न्हायतर काय बी घे. उशाखाली मावंल असं घे!"

दया हसण्यावारी न्यायचा. पण त्याला भीती होती, आणि आम्हालाही होती. संघर्षच्या खोलीत चौघं मावत नाहीत, अस्लमच्या दुकानात बसलं की पँट धुवायला दोन पाणी लागतात, आणि माझ्या मेडिकलमध्ये गिऱ्हाईक खोकत येतं. डेस्कटॉप गेला की रविवार गेला. इतकं ते सरळ होतं.

*

डेस्कटॉपवाल्याची पहिली बढाई असते: "आमचं मशीन थंड असतंय." ही गोष्ट खरी आहे. दयाच्या कॅबिनेटला इतके फॅन आहेत की उन्हाळ्यात मांजर त्याच्यामागं झोपतं. उलट संघर्षचा लॅपटॉप अर्ध्या तासात तापतो. त्याच्या एका बाजूनं अशी गरम वाफ निघते की तिथं हात धरवत नाही.

पण या वादात अव्वा पडली. अव्वा म्हणजे दयाची आई. तिचं माहेर नळदुर्गच्या बाजूचं, त्यामुळं बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी, आणि रागावली की पूर्ण कानडी.

थंडीचे दिवस होते. घरात दही लागत नव्हतं. अव्वा पाणी द्यायला आली, तिचा हात लॅपटॉपच्या बाजूनं गेला आणि ती थबकली. आत गेली आणि विरजणाचं पातेलं फडक्यात गुंडाळून घेऊन आली. ते तिनं लॅपटॉपच्या कडेला ठेवलं आणि संघर्षला म्हणाली, "तू खेळ रं बाबा."

संध्याकाळी दही सुरीनं कापावं असं लागलेलं!

तेव्हापासून थंडीभर हा नेम झाला. संघर्ष दारात दिसला की अव्वा आधी पातेलं आणायची, मग "ये" म्हणायची. एका रविवारी तो सलग हरत होता. चिडून त्यानं लॅपटॉप मिटला, तर अव्वा आतून पदर खोचत धावत आली.

"यप्पा! असं मधीच कसं उठतूस? अजून दोन डाव खेळ. दही पातळ हाय!"

ओसरीतून अप्पांचा आवाज आला, "बघा. ल्यापटॉपवर दही तरी लागतंय. ह्या डब्याचं काय?"

दयानं माझ्याकडं बघितलं. पंच या नात्यानं मला गुण लॅपटॉपला द्यावा लागला. कढी चांगली झाली होती.

*

आता अस्लमच्या मशीनबद्दल.

अस्लमनं जुना लॅपटॉप घेतला, तेव्हा तो लॅपटॉपच होता. पहिल्यांदा बॅटरी गेली. अस्लम म्हणाला, "हौ, वायर लावून चालतंय की!" मग कीबोर्डची बटणं मान टाकायला लागली. त्यानं बाहेरून कीबोर्ड लावला. मग माउस. मग बिजागरी तुटली आणि स्क्रीन काळी झाली, तर एक जुना मॉनिटर आणून जोडला. स्पीकर फुटल्यावर पेटीएवढे स्पीकर आले. सगळं मिळून टेबलभर पसारा, आणि मध्ये तो लॅपटॉप, झाकण मिटलेला, कुणाचा हात न लागणारा.

एक दिवस दया आणि संघर्ष दोघं त्याच्या दुकानात भिडले. दया म्हणाला हा आता डेस्कटॉप झाला, आमच्या पार्टीत. संघर्ष म्हणाला, जन्मानं लॅपटॉप आहे, लॅपटॉपच राहणार. अस्लम बिचारा हातात तांब्याची तार घेऊन दोघांकडं बघत होता.

"मियाँ," तो मला म्हणाला, "तुम्ही पंच. तुम्हीच सांगा, हे काय हाय?"

मी सगळ्या वायरी नीट बघितल्या. म्हटलं, "अस्लमभाई, आला तेव्हा पाहुणा होता. आता घर सोडून कुठं जाऊ शकत नाही, आणि याच्यासाठी सगळं बाहेरून आणावं लागतं. हा घरजावई आहे."

तेव्हापासून अस्लमच्या मशीनला कुणी दुसऱ्या नावानं हाक मारत नाही. "घरजावई चालू कर" म्हटलं की तो बटण दाबतो.

*

लॅपटॉपवाल्याची सगळ्यात मोठी बढाई म्हणजे, "आमच्यात सगळं आतच असतंय, कॅमेरासुद्धा." संघर्षच्या लॅपटॉपला खरंच कॅमेरा आहे. त्याला ती बढाई एकदा कशी भोवली ते ऐका.

शिक्षकांचं ऑनलाइन ट्रेनिंग होतं. घरूनच करायचं, कॅमेरा चालू ठेवून. संघर्षनं एका खिडकीत ट्रेनिंग लावलं आणि आवाज बंद करून दुसऱ्या खिडकीत गेम लावला. चेहरा गंभीर ठेवायचा, मान अधूनमधून हलवायची. तासभर सगळं झकास चाललं.

मग गेममध्ये समोरून गोळीबार सुरू झाला. आता संघर्षची एक खोड आहे, ती आम्ही तिघांनीच बघितलेली. गोळी आली की तो स्वतः वाकतो. खुर्चीतच डावीकडं, उजवीकडं, आणि बाँब पडला की दोन्ही पाय वर घेतो. त्या दिवशी हे सगळं कॅमेऱ्यापुढं झालं.

ट्रेनिंग घेणारे साहेब बोलता बोलता थांबले. "गुरुजी... अहो गुरुजी, पाय का वर घेतले? साप निघाला काय?"

संघर्षपुढं दोन रस्ते होते. त्यानं सोपा धरला. "व्हय सर."

"अहो मग बसलाय काय? ट्रेनिंग राहू द्या! बाहेर पळा!"

संघर्ष पळाला. ट्रेनिंगमधून सुटका झाली, इथवर ठीक. पण त्या ट्रेनिंगमध्ये तालुकाभरचे शिक्षक होते. अर्ध्या तासात साप पकडणारा एक माणूस काठी आणि बरणी घेऊन त्याच्या दारात हजर! त्यानं खोलीतलं सगळं सामान बाहेर काढलं, गाद्या झटकल्या, माळा पालथा घातला. घरमालक अंगणात खुर्ची टाकून बसला. सापाचा पत्ता नाही म्हटल्यावर घरमालकाच्या बायकोनं आठ दिवस त्या बाजूला पाऊल टाकलं नाही. आणि संघर्षला आठ दिवस रोज शाळेत सापाचा रंग सांगावा लागला. पहिल्या दिवशी काळा म्हणाला होता, चौथ्या दिवशी पट्टे आले.

दयाला हे कळलं तेव्हा त्यानं आपल्या डेस्कटॉपवर प्रेमानं हात ठेवला. म्हणाला, "ह्येला डोळा न्हाय, म्हणून माझी अब्रू हाय!"

*

पण दयाचीही अब्रू फार दिवस राहिली नाही.

मे महिना. रविवारी सकाळी भूमची लाइट गेली. कसलं तरी मोठं काम होतं, संध्याकाळशिवाय येणार नव्हती. संघर्षचा मेसेज आला: "माझी बॅटरी फुल आहे. दया हरला असं धरायचं का?"

हे दयाला झोंबलं. त्याचं शेत ईटच्या रस्त्याला आहे आणि शेताच्या लाइनला त्या आठवड्यात दिवसपाळी होती. मोटारीच्या खोलीत लाइट असणार! दुकानाचा छोटा टेम्पो त्यानं दारात लावला. कॅबिनेट गादीत गुंडाळलं. मॉनिटर गोधडीत. टेबल घेतलं, खुर्ची घेतली, उन्हाचे दिवस म्हणून टेबलफॅन घेतला. अव्वानं भाकरीचा डबा आणि पाण्याची कळशी दिली. सगळं दोरीनं आवळून हा निघाला.

आता भूमच्या चौकातून अशी गाडी गेली आणि कुणी विचारलं नाही, असं होत नाही.

"काय दया, कुठं निघालास?"

"शेतात."

"आन् हे सगळं?"

"लागंल की तिथं."

"अप्पाला म्हाईत हाय का?"

"त्यांना सांगून काय उपेग? त्यांचं आन् माझं ह्या बाबतीत जमत न्हाय."

दयानं एक अक्षर खोटं सांगितलं नाही. तेच नडलं.

आम्ही मोटारीच्या खोलीत मजेत खेळलो. संघर्ष खांद्याला पिशवी अडकवून आला होता आणि "मला काही उतरवायचं नाही" असं दर दहा मिनिटांनी सांगत होता. दया दोन डाव जिंकला. इकडं भूममध्ये अप्पांच्या ओसरीत माणसं जमायला लागली. कुणी हळूच विचारलं, "अप्पा, पोरगा असा येकाएकी येगळा निघाला? काय बोलाचाली झाली का?" अप्पांनी "न्हाय बा" म्हटलं की माणसं मान खाली घालायची. म्हणजे फारच मोठी बोलाचाली झाली असणार! कुणीतरी अणदूरला फोन केला.

दिवस मावळताना आम्ही टेम्पो घेऊन परत आलो, तर गल्ली उभी. दारात दयाचे चुलते. दोन गाड्या बदलून, सोबत गावातले दोन वडीलधारे घेऊन, समेट करायला आलेले! टेम्पोतलं सामान बघून त्यांचे डोळे भरले. त्यांनी दयाला मिठीच मारली.

"आलास व्हय लेकरा माघारी! शेवटाला घर ते घर असतंय!"

दयाला काही कळेना. समेट करणाऱ्यांना कळेना की समेट कशाचा. अव्वानं मुकाट्यानं पाहुण्यांच्या भाकरी थापायला घेतल्या. अप्पा खाटेवरून उठले सुद्धा नाहीत. एवढंच म्हणाले, "ल्यापटॉप असता तर पिशवीत घालून गेला असता. गावाला माझं घर फुटल्यालं दिसलं नसतं."

यावर हसायला आम्हाला दोन दिवस लागले. त्या संध्याकाळी कुणी हसलं नाही. अप्पांचा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं.

*

तरी अप्पा तोवर नुसते बोलत होते. मुदत पडली ती खंडेनवमीला.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. दयाच्या घरी दुकानातले पाने, कटर, अव्वाचा विळा, गाडी, सगळं पूजलं जातं. त्या वर्षी अव्वानं डेस्कटॉपही धरला. आम्ही तिघंही आलो होतो, संघर्षलाही तिनं विचारलं, "तुझ्या मशीनला बी बोट लावू का रं?"

संघर्षच्या घरात पूजाअर्चा नाही. पण अव्वाला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर येतं. तो हसून म्हणाला, "लावा की अव्वा. झाकणावर लावा." तिनं झाकणावर कुंकवाचं एक बोट लावलं आणि दयाच्या कॅबिनेटकडं वळली.

आता कॅबिनेटला वर जाळी आहे. जाळीच्या खाली फॅन. अव्वाला ती जाळी दिसली ती देवाच्या पाटासारखी सपाट. अणदूरच्या खंडोबाचा भंडारा घरात नेहमी असतोच. तिनं मूठ भरून घेतली आणि घरच्या लेकराच्या डोक्यावर टाकावी तशी माया करत सगळी जाळीवर ओतली. वर झेंडूचं फूल ठेवलं. भंडारा आत गेला, फूल वर राहिलं.

"चालू कर आता," ती म्हणाली.

अप्पा त्याच वेळी आत आले होते. नवीन धोतर, पांढरा सदरा, वर टोपी. कुणाच्या तरी घरी जेवायला निघालेले. दयानं बटण दाबलं.

फॅन फिरला आणि सगळी खोली पिवळी झाली! फूल उडून ट्यूबलाइटला लागलं. अस्लम खोकत खोकत बाहेर पळाला. धुरळा निवळल्यावर बघतो तर अप्पा दारात उभे, डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. फक्त डोळे तेवढे काळे.

दयानं वेळ मारून न्यायला बघितलं. "अप्पा, देव पावला!"

अप्पांनी टोपी काढून झटकली. "व्हय. देवच म्हनतोय, ह्येला भाईर काढा. दिवाळीपस्तोर मुदत. दिवाळीच्या दिव्याला ह्यो डबा मला घरात दिसाय नगं."

या वेळी आवाज चढला नव्हता. आणि अप्पांचा आवाज चढला नाही की ते खरं असतं, हे दयाला लहानपणापासून माहीत होतं. अव्वा पदरानं अप्पांचा सदरा पुसत होती आणि तो आणखी पिवळा होत होता.

आठ दिवसांत परंड्याचं गिऱ्हाईक ठरलं. फोटो स्टुडिओवाला, एडिटिंगला मशीन हवं होतं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी येऊन घेऊन जातो म्हणाला. दया त्या आठवड्यात दुकानात गिऱ्हाइकानं दोन इंची पाइप मागितला की अडीच इंची द्यायचा. मला त्याचं फार वाईट वाटलं. संघर्षनं तर लॅपटॉपची बढाईच बंद केली.

*

तो शेवटचा रविवार.

अस्लमच्या बार्शीच्या भावाचं गेम खेळायचं दुकान बंद पडलं होतं. तिथून अस्लमनं एक स्टीअरिंग आणला, सोबत गिअरचा दांडा आणि पायाखाली ठेवायचे क्लच, ब्रेक, एक्सलेटर. म्हणाला, "मशीन जायच्या आधी एकदा लावून बघू, मियाँ. हौस राहू नये." स्टीअरिंग टेबलाला आवळला, पायडल खाली ठेवले आणि दयानं बस चालवायचा एक गेम लावला. एकेकानं बस चालवली आणि एकेकानं ती कुठं ना कुठं घातली. अस्लमनं तर नदीत.

अप्पा ओसरीत होते. मागं त्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून डॉक्टरांनी गाडी बंद केलेली. घरचे त्यांना स्कूटरलाही हात लावू देत नसत. रोज संध्याकाळी ते स्टँडवर जाऊन बसायचे आणि सुटणाऱ्या गाड्या बघून घरी यायचे. हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्याबद्दल कुणी कधी बोललेलं नव्हतं.

बसचा आवाज ऐकून ते दारात आले. बराच वेळ उभे राहिले. मग दयाला म्हणाले, "उठ."

बसले. खुर्ची मागं घेतली, पुढं घेतली. आरसा नव्हता तिथं हात नेला आणि परत घेतला. गाडी मात्र हालेना. आम्हाला वाटलं त्यांना कळत नसेल.

"अप्पा, एक्सलेटर द्या की," दया म्हणाला.

"बेल कुठं हाय?"

"कसली बेल?"

"डबल बेल! बेल मिळाल्याबिगर गाडी काढू व्हय?"

आता गेममध्ये कुठला कंडक्टर! संघर्ष शेजारी बसला होता. त्यानं पाण्याचा पेला उचलला आणि चमच्यानं दोनदा वाजवला. टिंग टिंग. गाडी निघाली.

निघाली ती थेट समोरच्या गाड्यांच्या अंगावर. गेम परदेशातला, तिथं सगळे उजवीकडून चालतात, आणि अप्पा डावी बाजू सोडायला तयार नाहीत! "ह्या समद्यांची लायसन काढून घ्या! राँग साइडनं येत्यात!" दयानं घाईघाईनं सेटिंग बदललं आणि जगाला डावीकडं आणलं. मग गाडी सुरळीत लागली. स्टॉप आला की अप्पा थांबायचे, संघर्ष मागं बघून "झालं अप्पा, चढले सगळे" म्हणायचा आणि पेला वाजवायचा. एका स्टॉपवर अप्पा बराच वेळ हलेनात. विचारलं तर म्हणाले, "चहाचा टाइम हाय. माणसं उतरल्यात." अव्वानं खरंच चहा आणला. आम्ही सगळ्यांनी प्यायला. मग बेल झाली.

गिऱ्हाईक यायचं होतं, हे आम्ही विसरलो होतो. निदान मी तरी.

दिवेलागणीची वेळ झाली. गेममध्ये घाट लागला होता. उतार, एका अंगाला दरी. अप्पा गिअर खाली घेऊन, ब्रेकवर पाय ठेवून, सावकाश उतरत होते. कपाळावर घाम, पण चेहरा असा की मी तो कधी बघितला नव्हता.

आणि लाइट गेली.

स्क्रीन काळी. फॅन बंद. दयाच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. संघर्षला एरवी अशा वेळी हुरूप यायचा, या वेळी त्यानं हातातला पेला खाली ठेवला. खोलीत नुसता अंधार आणि अप्पांचा श्वास.

तेवढ्यात दारात जीप थांबली. परंड्याचा स्टुडिओवाला, हातात जाड घोंगडी आणि दोरी. "दयाभाऊ हायत का? मशीन न्यायला आलोय."

अव्वानं कंदील आणला. त्या उजेडात दिसलं, अप्पा तसेच बसलेले. दोन्ही हात स्टीअरिंगवर, उजवा पाय ब्रेकवर दाबलेला.

"अप्पा," दया हळू म्हणाला, "उठा आता. माणूस आलाय."

"पाय काढता येत न्हाय."

"दुखतोय का?"

"गाडी उतारावर हाय," अप्पा म्हणाले. "माणसं बसल्यात आत."

स्टुडिओवाला दारात थांबला तो थांबलाच. कुणी हसलं नाही. दयानं पंच म्हणून माझ्याकडं बघितलं, मी संघर्षकडं.

मग संघर्ष उठला. अंगणात गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात चांगला डोक्याएवढा दगड होता. तो खाली वाकला. कॉम्प्युटरच्या टेबलाला खाली छोटी चाकं आहेत. पुढच्या चाकाला त्यानं दगड नीट टेकवून ठेवला, हातानं हलवून बघितला आणि उभा राहिला.

"अप्पा, दगड लावला. काढा पाय."

अप्पांनी पाय काढला. अगदी सावकाश, आधी टाच, मग चवडा. थोडा वेळ थांबून गाडी धरतेय का बघितलं. मग स्टीअरिंगवरचे हात सोडले, गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसलं, आणि दारातल्या माणसाकडं वळून म्हणाले, "तुमी मागच्या गाडीनं या."